मशीनला कान एकच, पाकोळीला दोन
(नाइट वॉकला येणाऱ्यांसाठी, आधी वाचून या)

बॅट डिटेक्टर (पाकोळीच्या, म्हणजे छोट्या किडेखाऊ वटवाघळाच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या हाका ऐकवणारं मशीन) हातात दिला की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, अहो आवाज येतोय पण पाकोळी आहे कुठे? मागे एका काकांनी तर मशीन बदलून मागितलं. मशीन चांगलं आहे हो, पण त्याला माइक एकच, त्यामुळे काहीतरी ओरडतंय एवढंच ते सांगणार, डावीकडे की उजवीकडे ते नाही.

१९४१ मधे हार्वर्डच्या ग्रिफिन आणि गॅलाम्बोस यांनी वटवाघळांचा नुसता एक कान बंद करून त्यांना ताणलेल्या तारांमधून उडवलं, तर ती तारांवर आपटायला लागली. एक कान उघडा असूनही!

कारण ती हाका मारतात आणि तारेवरून, किड्यावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, आणि त्यात खरं काम दोन कानांच्या फरकावर चालतं. पाकोळीचं डोकं केवढंसं, कानांमधे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, मग एका कानाला आवाज उशिरा पोचून पोचणार किती, सेकंदाचा २५ हजारावा भाग वगैरे, म्हणून ती जास्त करून आवाज कुठल्या कानात मोठा येतो त्यावर जाते. ४५ किलोहर्ट्झचा आवाज (आपलं ऐकणं २० ला संपतं) म्हणजे लाट ८ मिलिमीटरपेक्षाही छोटी, ती डोक्याला नीट वळसा घालू शकत नाही, पलीकडच्या कानावर चक्क आवाजाची सावली पडते.

मग मेंदूच्या बुंध्यात रस्सीखेच सुरू होते. उजव्या बाजूच्या पेशीला उजवा कान म्हणतो 'बोल', डावा म्हणतो 'गप्प', आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. डाव्या बाजूला बरोबर उलटं. हा निकाल वर मध्यमेंदूत जातो आणि तिथे प्रत्येक पेशीचा स्वभाव वेगळा, कुणी जराशा फरकाने गप्प होतं तर कुणाला मोठा फरक लागतो, म्हणजे कोण कोण गप्प बसलंय त्यावरून किडा किती अंशात बाजूला आहे ते कळतं. वर-खालीचं काम कानाच्या पाळीचा आकार आणि कानाच्या तोंडाशी उभी असलेली ती छोटी पट्टी करते.

(झाडाला लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं यातली नाहीत, ती डोळ्यांनी आणि नाकाने भागवतात. आणि केसात कुणीच अडकत नाही, टोपी घरी ठेवा.)

अंतर मात्र प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून, एक मीटरला साधारण ६ मिलिसेकंद. किडा जवळ आला की हाका इतक्या दाट होतात की डिटेक्टरमधून टक टक टक जाऊन एकदम टर्रर्र येतं. तेव्हा बोलू नका प्लीज, ते फार पटकन संपतं.

आणि दिशा हवीच असेल तर डिटेक्टर छातीपाशी धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा, जिकडे टक टक मोठी येईल तिकडे बघा. बहुतेक वेळा तोवर ती निघून गेलेली असते.