दुसरी मोटार मागवण्याआधी
लेगोच्या ब्रिक्सचा (जोडठोकळ्यांचा) रिमोटवर चालणारा ट्रक बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

ट्रक बांधून झाला, दिसतोय झकास, फरशीवर पळतोही. पण गालिच्यावर चढवला की मोटार नुसती गुरगुरते आणि चाकं जागची हलत नाहीत. मग ग्राहक आमच्याकडे दुसरी मोटार मागतात. मोटार विकणं हा आमचा धंदाच आहे, तरी आधी हे पत्रक वाचून घ्या. अशा वेळी मोटार सहसा कमी पडलेली नसते. तिची ताकद चाकापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत जिरलेली असते.

डोळ्यासमोर कोणता ट्रक ठेवावा

आमचं मत विचाराल तर युनिमॉग. आल्बर्ट फ्रीडरिश यांच्या आराखड्यावरून १९४६ मध्ये जर्मनीत त्याचे पहिले नमुने झाले. शेतातलं यंत्र म्हणूनच तो जन्माला आला. दोन चाकांमधलं अंतर १२७० मिमी ठेवलं, कारण बटाट्याच्या दोन ओळी तेवढ्यात बसत. सुरुवातीचं डिझेल इंजिन अवघं २५ अश्वशक्तीचं, तरी चारही चाकांना ताकद आणि पोर्टल अ‍ॅक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा वर बसवलेला दांडा) यांच्या जोरावर तो चिखलातून निघायचा. लेगोने २०११ मध्ये युनिमॉग यू ४०० चा टेक्निक मालिकेतला २०४८ भागांचा संच काढला. त्यात मोटार होती, पण ती क्रेन आणि विंच (दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) यांसारख्या जोडकामांसाठी. ट्रक हातानेच ढकलायचा. रिमोटवर पळवायचा तर चाकांची चाल (चाकं फिरवणारी मोटार आणि गिअर) आपल्याला बसवावी लागते.

आधी थोडा हिशोब

पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटार-मालिकेतली मोठी म्हणजे एक्सएल मोटार ९ व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला साधारण २२० फेरे घेते, आणि अडवली की ४० न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) देते. मध्यम म्हणजे एम मोटार जवळपास ४०० फेरे घेते, पण पीळ ११ च्या घरात. मोटार निम्म्या वेगावर आली की सर्वात जास्त काम देते, म्हणून हिशोबात पीळही निम्माच धरावा.

ट्रक दोन किलोचा आणि चाक ८१.६ मिमी व्यासाचं धरा. ३० अंशांच्या चढावर त्याला वर नेण्यासाठी चारही चाकांवर मिळून ४० न्यूटन-सेंटिमीटर पीळ लागतो. ८ दातांच्या गिअरने २४ दातांचा गिअर फिरवला तर पीळ तिप्पट होतो. एक्सएलचे निम्मे २० घेतले तरी ६० झाले, म्हणजे चढ चढून वर शिल्लक. एमचे मात्र जेमतेम १६ होतात. तेव्हा एम लावली असेल तर ती बदला. एक्सएल असूनही ट्रक अडत असेल तर पुढचं वाचा.

वेगाचंही ऐकून ठेवा. या गिअरवर ट्रक मोकळ्या जागी मिनिटाला १८-१९ मीटर जाईल, चढावर त्याच्या निम्मा. ट्रकला एवढं पुरे. पळणारी गाडी हवी असेल तर ती वेगळी बांधावी. दोन्ही एकाच चेसिसमध्ये कोंबायच्या नादात दोन्ही हातच्या जातात.

पीळ कुठे वाढवायचा

मुख्य मुद्दा हा, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. तिप्पट करणारी जोडी मोटारीजवळ बसवली तर वाढलेला सगळा पीळ तिथून पुढे लांबच लांब अ‍ॅक्सलमधून आणि स्टिअरिंगच्या युनिव्हर्सल जॉइंटमधून (वाकूनही फिरणाऱ्या सांध्यातून) जातो. तीन चाकं घसरत असली आणि डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नसेल, तर ६० चा जवळजवळ पूर्ण भार एकाच जॉइंटवर येतो. अ‍ॅक्सल दोरीसारखा पिळतो, जॉइंटचे कान तुटतात, आणि ग्राहक म्हणतो, माल कच्चा आहे.

हीच जोडी चाकात न्या. अ‍ॅक्सल वर, चाक बीमची (भोकांच्या पट्टीची) दोन भोकं खाली, मध्ये ८ आणि २४ दातांचे गिअर: हाच पोर्टल हब. मोटारीपासून हबपर्यंत सगळं वेगाने पण हलकं फिरतं आणि जॉइंटवर ६० ऐवजी २० येतात. शिवाय अ‍ॅक्सल जमिनीपासून १६ मिमी उचलला जातो, तो फायदा वेगळाच. खऱ्या युनिमॉगचं पोट दगडावर घासत नाही ते याच युक्तीमुळे. एक जपा: हबमधल्या जोडीने फिरण्याची दिशा उलटते आणि वेग तिसरा हिस्सा होतो. म्हणून पोर्टल पुढे लावलं तर मागेही लावायलाच हवं, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत बसतील.

गिअर एकमेकांत नीट बसतात की नाही हे बांधण्याआधीच कळतं. दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज करा आणि १६ ने भागा. येईल ते अंतर भोकांमध्ये. ८ आणि २४ ला २ भोकं, ८ आणि ४० ला ३, १२ आणि ३६ ला ३. १६ आणि २४ ला अडीच येतात, म्हणजे सरळ बीममध्ये ही जोडी बसत नाही. तरी काही जण बीम वाकवून बसवतातच, आणि मग भार आला की दाते टकटक करत घसरतात.

ताकद जिरते कुठे

मोटार काढा, ट्रक उचला आणि चाकाला बोटाने टिचकी मारा. चाक आणि त्याच्यामागची सगळी गिअरमाळ क्षणभर तरी फिरत राहायला हवी. बोट काढताच थांबली तर कुठेतरी आवळलंय. बहुतेक वेळा दोषी बुशच (दांड्यावर बसणारी छोटी कडी) असतो. अ‍ॅक्सल हलू नये म्हणून आपण तो बीमला घट्ट दाबतो, आणि तोच ब्रेकचं काम करतो. बुश लावताना मध्ये कागदाची पट्टी ठेवा, बुश दाबा, मग पट्टी ओढून काढा. तेवढी फट पुरते.

बुश ठीक असेल तर चेसिस तपासा. दोन्ही टोकं हातात धरून पिळून बघा. मधल्या अ‍ॅक्सलचे गिअर एकमेकांपासून दूर जाताना दिसले तर आडवे बीम कमी आहेत. अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी आधार हवा. एका बाजूने लोंबणारा गिअर भार आला की हमखास सुटतो.

चाकांच्या चालीत वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) नको. घर्षणात तो बरीच ताकद खातो आणि ट्रक हाताने ढकलताही येत नाही. विंचमध्ये मात्र तोच हवा, कारण मोटार थांबल्यावरही वजन खाली घसरत नाही. विंचच्या दोरीला किंवा क्रेनला शेवटचं टोक असतं, तिथे २४ दातांचा क्लच गिअर लावा. त्याच्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असं छापलेलं असतं. त्यापुढे तो घसरतो आणि मोटार वाचते. चाकांच्या चालीत तो लावलात तर चढावर नुसता करकरत बसेल.

स्टिअरिंग आणि रिमोट

चाकं वळवणारी सर्व्हो मोटार दोन्ही बाजूंना ९० अंश फिरते. तिच्यावर ८ दातांचा गिअर असेल तर रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) ६.३ मिमी सरकते, १२ दातांचा असेल तर ९.४. वळण कमी वाटलं तर आधी हा गिअर बदला. साध्या खटक्याच्या रिमोटवर सर्व्हो थेट शेवटपर्यंत वळते आणि बटण सोडलं की मध्यावर येते. टप्प्याटप्प्याने वळवायचं तर चकतीचा रिमोट घ्या, पण त्यावर चाकं स्वतःहून सरळ होत नाहीत.

इन्फ्रारेड रिसीव्हरला रिमोट दिसावा लागतो. केबिनच्या छतावर त्याचं काळं तोंड उघडं ठेवा. कडक उन्हात तो गोंधळतो. बाहेर खेळणाऱ्यांनी ब्लूटूथचा हब (बॅटरी आणि रिसीव्हर एकत्र असलेला डबा) घेतलेला बरा. मात्र नव्या हबचे प्लग आणि जुन्या पॉवर फंक्शन्स मोटारींचे प्लग एकमेकांत बसत नाहीत, मागवताना बघून घ्या.

सेलबद्दल थोडक्यात: सहा अल्कलाइनचे ९ व्होल्ट, सहा रिचार्जेबलचे ७.२. रिचार्जेबलवर ट्रक जरा हळू धावतो, पण भार आल्यावर ते लवकर दम टाकत नाहीत. बॅटरी बॉक्स खाली आणि मध्यभागी बसवा. केबिनच्या मागे उंचावर ठेवलेला बॉक्स आडव्या उतारावर ट्रक कलंडवतो.

एवढं करूनही ट्रक अडत असेल तर चेसिसचा खालून काढलेला फोटो पाठवा. सोबत चाकाचा व्यास, ट्रकचं वजन, मोटारीपासून चाकापर्यंत प्रत्येक गिअरचे दाते आणि टिचकी मारल्यावर काय झालं ते लिहा. एवढ्यावरून दुसरी मोटार लागेल की नाही ते आम्हाला सांगता येतं.