ऑटिझमचं निदान वेगळं आणि सर्टिफिकेट वेगळं

तिशी-चाळिशीत कुणी म्हटलं की मला ऑटिझम असावा असं वाटतंय, तर घरचे पहिलं विचारतात, "आता काय अपंगाचं सर्टिफिकेट काढणार का?" आणि माणूस तिथेच गप्प बसतो. माझी दोन वर्षं यातच गेली, म्हणून सांगते, या दोन गोष्टी एक नाहीत.

निदान म्हणजे सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने दिलेला रिपोर्ट. ते लहानपणाबद्दल खूप विचारतात, जमलं तर आईशीही बोलतात, कारण ऑटिझम मोठेपणी नव्याने होत नाही, खुणा आधीपासून असाव्या लागतात. माझ्या आईने सांगितलं की वरातीचा बँड वाजला की मी कॉटखाली जाऊन बसायचे, मी साफ विसरले होते हे. (ऑनलाइन टेस्टचा स्कोअर म्हणजे निदान नाही हं, पुढे दाखवायला हवं का एवढंच त्यातून कळतं.) रिपोर्ट तुमच्याजवळच राहतो, ऑफिसात सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं.

सर्टिफिकेट ही कायद्याची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांगांच्या ओळखपत्राची सरकारी वेबसाइट) अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी, आणि तिथे आयएसएए नावाची मोजपट्टी लावतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. गोम इथेच आहे. बरेच मुद्दे बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचे, म्हणजे नजरेला नजर देते का, ऐकलेलंच परत परत बोलते का वगैरे. आता जी बाई वीस वर्षं नजर द्यायची प्रॅक्टिस करतेय आणि घरी आल्यावर लाइट बंद करून पडून राहते तिचे मार्क कमी पडू शकतात ना! पण तिथून सर्टिफिकेट नाही आलं म्हणून तिचं निदान खोटं ठरत नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सरकारी नोकरीतलं ४% दिव्यांग आरक्षण किंवा जुन्या टॅक्स रिजीममधली ७५,००० ची वजावट हवी असेल तर किमान ४०% दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा खेटे घाला. स्वतःला समजून घ्यायचं असेल तर रिपोर्ट पुरे, आणि तोही खर्च झेपत नसेल तर आवाज, गर्दी, थकवा यांची काळजी घ्यायला कुणाच्या सहीची गरज नाही.

मी सर्टिफिकेट काढलं नाही. रिपोर्ट कपाटात आहे, आणि लग्नाला जाताना पर्समध्ये इअरप्लग असतात.