सातोर चौकट

सातोर चौकट : पाच-पाच अक्षरांचे पाच लॅटिन शब्द एकाखाली एक मांडून झालेला २५ अक्षरांचा चौरस. ‘सातोर-रोतास चौरस’ असेही त्याला म्हणतात. आडव्या ओळी वाचल्या काय किंवा उभ्या, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली काय किंवा उजव्या खालच्या, तेच पाच शब्द हाती येतात. देवनागरीत स्वर व्यंजनात मिसळतो आणि ही वीण दिसेनाशी होते. म्हणून येथे स्वर सुटे ठेवले आहेत :

र ओ त आ स
ओ प ए र आ
त ए न ए त
आ र ए प ओ
स आ त ओ र

मधला ‘तेनेत’ हा शब्द उलटसुलट सारखाच असून तो आडवा आणि उभा मिळून चौकटीच्या मध्यावर क्रूस तयार करतो.

शब्दार्थ : ‘सातोर’ म्हणजे पेरणारा, ‘तेनेत’ म्हणजे धरतो वा धरून ठेवतो, ‘रोतास’ म्हणजे चाके (कर्मरूपात). ‘ओपेरा’चा अर्थ ‘कामे’ किंवा ‘कष्टाने’ असा दोन्ही तऱ्हांनी लागतो. सगळी अडचण ‘आरेपो’ची आहे. लॅटिन वाङ्मयात हा शब्द दुसरीकडे कोठेही आढळत नाही. तो विशेषनाम मानला, तर ‘पेरणारा आरेपो कष्टाने चाके धरून ठेवतो’ असे वाक्य होते. व्याकरणाला ते चालते, पण त्यातून बोध फारसा होत नाही. झेरोम कार्कोपिनो या फ्रेंच इतिहासकाराने हा शब्द गॉल प्रदेशातील केल्टिक भाषेतून आला असून त्याचा अर्थ नांगराशी निगडित आहे, असे मांडले. एका मध्ययुगीन ग्रीक भाषांतरात या जागी ‘नांगर’ हाच शब्द आहे. मात्र तो त्या भाषांतरकाराचाही तर्क असू शकतो. नांगरटीच्या तासांप्रमाणे एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून वाचावी, असेही सुचवले गेले आहे. सातोरपासून सुरू होणाऱ्या मांडणीच्या पहिल्या तीन ओळी तशा वाचल्या की ‘सातोर ओपेरा तेनेत’, म्हणजे ‘पेरणाऱ्याच्या हाती कामे आहेत’, असे मिळते आणि ‘आरेपो’ उरतच नाही. ‘आरेपो’ म्हणजे ‘ओपेरा’ उलटा लिहून आलेले रूप, एवढेच समजणे सर्वांत कमी ओढाताणीचे वाटते.

प्राचीन नमुने : इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे १८६८ मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर ही चौकट सापडली. सिरियातील दुरा-युरोपस येथे १९३१-३२ च्या उत्खननात रोमन सैन्याच्या दप्तरखान्याच्या भिंतींवर ती एकाहून अधिक वेळा कोरलेली आढळली. हे नगर इ.स. २५६ च्या सुमारास पडले, तेव्हा ते लेख त्याआधीचे ठरतात. बुडापेस्टजवळच्या आक्विंकुम येथील कौलावरचा नमुना दुसऱ्या शतकातला मानतात. मँचेस्टर येथे १९७८ मध्ये मिळालेल्या रांजणाच्या खापरावरचा तुकडा साधारणपणे इ.स. १८५ च्या आसपासचा धरला जातो.

वादाचे केंद्र मात्र इटलीतील पॉम्पेई हे प्राचीन रोमन नगर आहे. तेथे पाक्विउस प्रोकुलुस याच्या घरात १९२५ मध्ये एक खंडित आणि मोठ्या व्यायामशाळेच्या स्तंभावर १९३६ मध्ये एक जवळजवळ पूर्ण चौकट मिळाली. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये हे नगर गाडले गेले, त्यामुळे चौकटीची रचना त्यापूर्वी झालेली असली पाहिजे. स्तंभावरील लेख इ.स. ६२ च्या भूकंपाच्याही आधीचा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. ही मर्यादा सावधपणेच घ्यावी लागते.

उगमाविषयीची मते : फेलिक्स ग्रोसर याने १९२६ मध्ये दाखवून दिले, की चौकटीची २५ अक्षरे वेगळी मांडली तर ‘पातेर नोस्तेर’ (‘आमच्या पित्या’, ख्रिस्ती प्रार्थनेचे पहिले शब्द) दोनदा लिहिता येते. मध्यावरचा ‘न’ दोन्हींत सामाईक राहून २१ अक्षरांचा क्रूस बनतो. उरलेली चार अक्षरे, दोन ‘आ’ आणि दोन ‘ओ’, म्हणजे आल्फा व ओमेगा (ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर), ख्रिस्ताची आद्यंत चिन्हे. छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांनी वापरलेली ही गुप्त खूण, हे मत त्यामुळे झपाट्याने रुजले. ही मांडणी इतकी नेटकी आहे, की तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

पॉम्पेईच्या शोधांनी या मतापुढे अवघड प्रश्न उभे केले. इ.स. ७९ पूर्वी तेथे ख्रिस्ती वस्ती होती, याला भक्कम पुरावा नाही. रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती समाजाची भाषा मुख्यतः ग्रीक होती. आल्फा-ओमेगाचा उल्लेख असलेला बायबलमधील ‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या अखेरचा मानतात. पॉम्पेईचे लेख पुढे कोणी अवशेषांत उतरून कोरले असावेत, असे म्हणून कार्कोपिनोने ख्रिस्ती उगम वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तो फारसा मान्य झाला नाही. डंकन फिशविक याने लॅटिन बोलणाऱ्या ज्यूंकडे उगम नेला, तर वॉल्टर मोलर याने १९७३ मध्ये मिथ्र-पंथाकडे (रोमन साम्राज्यातील मिथ्र देवाच्या उपासकांकडे).

पॉम्पेईतच ‘रोमा, ओलिम, मिलो, आमोर’ असा चार शब्दांचा चौरसही भिंतीवर सापडला आहे. शब्दांचे असे खेळ तेथे लोक सहज खेळत, हे त्यावरून दिसते. सातोर चौकटही मुळात असाच एक असामान्य कुशलतेचा खेळ असावी आणि धार्मिक अर्थ तिला मागाहून चिकटले असावेत, ही उपपत्ती उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. दुसरी एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली जाते. प्राचीन नमुने बहुतांशी ‘रोतास’पासून सुरू होतात, ‘सातोर’ वर येण्याची चाल मध्ययुगात रूढ झाली. ‘पेरणारा म्हणजे ईश्वर’ या अर्थाची इमारत या उत्तरकालीन क्रमावर उभी आहे.

मांत्रिक उपयोग : मध्ययुगात चौकटीतील शब्द ताईत बनले. ‘त्रोतुला’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्त्रीवैद्यकविषयक लेखनात अवघडलेल्या बाळंतिणीला हे शब्द चीजवर किंवा लोण्यावर लिहून खायला देण्याचा उपाय आहे. इथिओपियात ते विकृत रूपात क्रूसाच्या पाच खिळ्यांची नावे झाले. तुर्कस्तानातील कॅपाडोशियात येशूच्या जन्माच्या चित्रांतील मेंढपाळांना हीच नावे दिलेली आढळतात. इटलीतील सिएना येथील कॅथीड्रलच्या भिंतीवरही चौकट आहे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वस्तीत जॉन जॉर्ज होमन याने १८२० मध्ये छापलेल्या तोडग्यांच्या पुस्तकात, पाण्यावाचून आग विझवण्यासाठी ताटलीच्या दोन्ही बाजूंवर हे शब्द लिहून ती आगीत टाकावी, असे सांगितले आहे.