सांध्याचं सोनं वेगळंच असतं

गेल्या महिन्यात काकूंचं मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणायचं नाही, हे आमच्या घरात अजून पाळतात. काका त्याच सकाळी गाडीने सोलापूरला निघालेले, त्यामुळे ते पोहोचल्याचा फोन येईपर्यंत काकूंच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आमच्या नेहमीच्या सोनारांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, वाटीजवळची कडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, सोनं तुटलेलं नाही. डाख, म्हणजे वितळवून भरलेला जोड, सुटलाय."

मग भिंग माझ्या हातात दिलं. कडीची तार शाबूत होती, गुळगुळीत होती. जिथे तिची दोन टोकं जोडलेली होती तिथली कड मात्र करडट आणि दाणेदार दिसत होती, मोडलेल्या खडीसाखरेसारखी.

काकू म्हणाल्या, "पण हे केडीएमचं आहे. पक्कं बावीस कॅरेट. मग सुटेल कसं?"

'केडीएम' हा सोन्याचा कस आहे, अशी समजूत मी लहानपणापासून ऐकत आलोय. शिकलेली माणसंही दुकानात विचारतात, "केडीएम आहे ना?" पण या शब्दाचा संबंध सोन्याच्या शुद्धतेशी नाही. तो सांध्याशी आहे. आणि सांध्याची गोष्ट समजली की एकाच दागिन्यात वेगवेगळ्या कसाचं सोनं का असतं, तेही समजतं.

कडी जोडायची म्हणजे दोन टोकांच्या मधे सोनं वितळवून भरायचं. भरायचं सोनं कडीच्याच कसाचं घेतलं तर ते वितळेल त्याच क्षणी कडीही वितळेल. म्हणून डाख नेहमी कडीच्या आधी वितळणारा हवा. बावीस कॅरेट सोनं हजार अंश सेल्सिअसच्या जरा अलीकडे-पलीकडे वितळतं. डाख त्याच्या बराच खाली पाणी व्हायला हवा.

आता गंमत बघा. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, शुद्ध तांबं १०८५ अंशांना. दोन्ही एकत्र केले तर मिश्रण या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी वितळेल असं कुणालाही वाटेल. पण सुमारे ८० टक्के सोनं आणि २० टक्के तांबं घेतलं, तर ते ९१० अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे दोघांच्याही दीडशे अंश खाली! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आलेखावर बोट ठेवून दोनदा खात्री करून घेतली होती.

असं का होतं? घन सोन्यात अणू ओळीने, थरावर थर रचलेले असतात, फळवाल्याच्या गाडीवर संत्री रचावीत तसे. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी लहान असतो. संत्र्यांच्या राशीत मधेमधे लिंबं घुसवली की रास वेडीवाकडी होते, प्रत्येक फळावर कुठून तरी ताण येतो. घन मिश्रधातूत हा ताण साठून राहतो. द्रवात ओळी नसतातच, त्यामुळे तिथे लहान-मोठे अणू सुखाने एकमेकांत फिरतात. अशा मिश्रणाला घन राहणं अवघड आणि द्रव होणं सोपं जातं, म्हणून ते लवकर वितळतं. याचा पडताळा चांदी देते. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याएवढाच असतो. म्हणून सोनं-चांदीच्या मिश्रणात ही घसरण दिसत नाही. ते चांदीचे ९६२ आणि सोन्याचे १०६४ यांच्या मधेच वितळतं. पण चांदी आणि तांबं यांचं आपसात आणखीच बिनसतं. ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं हे मिश्रण ७८० अंशांनाच पाणी होतं. म्हणून सोन्यात चांदी आणि तांबं दोन्ही घालून डाख केला की सोनाराला हवं तेवढं खाली उतरता येतं.

सांध्यावर टाकणखार (बोरॅक्स) लावतात तो का, हेही इथेच सांगतो. सोनं हवेने काळवंडत नाही, पण त्यातलं तांबं तापलं की काळवंडतं आणि त्या काळ्या थरावर डाख पसरत नाही. वितळलेला टाकणखार तो थर विरघळवून घेतो. मग दिव्याची वात तेल ओढते तसा तो अरुंद सांधा डाख आपणहून आत ओढून घेतो.

प्राचीन इटलीतले इट्रुस्कन कारागीर अडीच हजार वर्षांपूर्वी खसखशीपेक्षा बारीक सोन्याचे रवे पत्र्यावर बसवत, तेही डाखाचा मागमूस न दिसू देता. ही युक्ती पुढे हरवली. इंग्लंडमधल्या लिटलडेल यांनी १९३० च्या दशकात ती पुन्हा उलगडून दाखवली. तांब्याचा क्षार डिंकात कालवून रवा चिकटवायचा आणि तापवायचं. डिंक जळून कोळसा होतो, कोळसा क्षारातलं तांबं मोकळं करतो आणि ते तांबं फक्त टेकलेल्या जागी सोन्यात मुरतं. तेवढ्याच जागेचा वितळणबिंदू उतरतो आणि रवा चिकटतो. डाख बाहेरून आणलाच नाही, जागेवर तयार केला!

आता हिशेब. २० ग्रॅम ९१६ कसाच्या (म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध, बावीस कॅरेट) साखळीला १ ग्रॅम ७५० कसाचा डाख लागला असं धरा. १८.३२ आणि ०.७५ मिळून १९.०७ ग्रॅम शुद्ध सोनं झालं. त्याला एकूण २१ ग्रॅम वजनाने भागलं की हजारात ९०८ येतात. बारीक कड्यांच्या नक्षीदार दागिन्यात डाख जास्त लागतो, तिथे कस आणखी उतरतो. जुने दागिने मोडीत दिले की 'घट' निघते आणि घरातली माणसं सोनाराला चोर ठरवतात. चोरी कुठेच होत नाही असं मी म्हणत नाही. पण घटीचा काही भाग या सांध्यांचाच असतो. यंत्राखाली दागिना धरून क्ष-किरणांनी कस पाहतात तेव्हा वरचा अगदी पातळ थरच मोजला जातो. सपाट पत्र्यावर एक आकडा आणि सांध्यावर दुसरा येतो, तो यामुळे. सगळं वितळवून नमुना तपासला की खरी सरासरी कळते.

या अडचणीवर केडीएम हा उपाय निघाला. केडीएम म्हणजे कॅडमियम हा धातू. ९२ टक्के सोनं आणि ८ टक्के कॅडमियमचा डाख कडीच्या आधी वितळतो आणि त्यात सोनं ९२ टक्के असल्याने दागिन्याचा कसही पडत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे डाख वाहायला लागतो तेव्हा त्यातलं कॅडमियम वाफ होऊन उडत असतं आणि त्या ज्योतीवर वाकलेलं असतं कारागिराचं तोंड. ते फुप्फुसांतून रक्तात जातं, मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघायला दहा-वीस वर्षंही पुरत नाहीत. त्याने कर्करोग होतो हेही सिद्ध झालेलं आहे. मुंबईच्या झवेरी बाजाराच्या माळ्यांवर, खिडकी नसलेल्या खोल्यांत बंगालहून आलेली पोरं पाठीला पाठ लावून बसतात. आपण पाटीवर 'केडीएम' वाचून निश्चिंत होत होतो ते त्यांच्या छातीच्या जिवावर. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात आता कॅडमियमला जागा नाही. त्याऐवजी जस्त आणि इंडियम घातलेले डाख मिळतात, काही ठिकाणी लेझरने डाखाशिवायच सांधतात. तरीही कुणी 'शंभर टक्के केडीएम' असं अभिमानाने सांगत असेल, तर त्या दुकानातून उठावं. विचारायचंच तर हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, विचारा.

वेगळ्या कसाचं सोनं मुद्दामही एकत्र येतं. हिरा धरणारे काटे बावीस कॅरेटचे केले तर वाकतात, म्हणून ते अठराचे असतात. कुंदनात याच्या नेमकं उलट होतं. तिथे खड्याभोवती चोवीस कॅरेटची पानं नुसती दाबतात आणि ती आचेशिवाय एकजीव होतात. शुद्ध सोन्यावर गंजाचा थर नसतो, त्यामुळे अणूंना अणू थेट भिडतात.

काकूंना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की जोड रोज थोडा थोडा वाकतो, पदरात अडकतो आणि तारेपेक्षा ठिसूळ असल्यामुळे एक दिवस सुटतो. काकांच्या प्रवासाशी त्याचं काही नातं नाही, आणि या भीतीने आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या उगाच जीव जाळला आहे.

तोवर सोनारांनी वाटी ओल्या फडक्यात गुंडाळली होती, आतल्या लाखेला आच लागू नये म्हणून. कडीवर टाकणखार, त्यावर मोहरीएवढा डाखाचा तुकडा. ज्योत फिरली, टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला. मग तुकडा एकदम चकाकला आणि सांध्यात नाहीसा झाला. काकूंनी कडी बोटांत फिरवून पाहिली. जोड कुठे आहे ते हाताला लागत नव्हतं. भिंगातून मात्र पिवळ्यातली एक फिकी रेघ दिसत होती. मी ती काकूंनाही दाखवली.