घरघरणारा पंखा आणि खोबरेलाची बाटली

मे महिन्यात नागपुरात संगणकाचा पंखा घरघरू लागला की कुणीतरी हमखास सांगतं, "दोन थेंब खोबरेल सोड न त्यात." पंखा चार दिवस गप्प बसतो, म्हणून हा उपाय टिकून आहे. पण खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. डिसेंबरात आपण बाटली उन्हात ठेवतो. पंख्यातला बुश कुठे ठेवणार?

हा बुश मोठी गंमतशीर वस्तू आहे. स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसतं, दांडा जिच्यात फिरतो ती कांस्याची एक छोटी नळी असते, तोच बुश. तांबं आणि कथिल यांची भुकटी दाबून, तांबं वितळणार नाही इतपत भाजून ती घडवतात. कणांमध्ये फटी उरतात. नळीचा जवळपास पाचवा हिस्सा पोकळच. त्यात तेल मुरवतात, लोणच्याच्या फोडीत मुरतं तसं.

दांडा फिरला की हे तेल बाहेर येतं आणि निमुळत्या फटीत रेटलं जातं. पुढे जागा अपुरी, म्हणून दाब वाढतो आणि दांडा चक्क तेलावर तरंगतो. ब्रिटिश अभियंते ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये याचं समीकरण मांडलं. स्निग्धता (तेलाचा दाटपणा) गुणिले वेग, भागिले दाब: ही राशी फार घसरली की काही मायक्रॉनचा तो थर फाटतो आणि धातूला धातू घासतो. पंखा थांबला की केशाकर्षणाने तेल परत छिद्रांत. ना पंप, ना झडप!

उष्णतेने तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा ऑक्सिडीकरणाने चिकटा होतो. म्हणून सकाळी सुरू करताना घरघर, आणि उरलंसुरलं तेल तापून पातळ झालं की शांतता. नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणीत जातो तेव्हाचे नऊ तापते दिवस, लागला म्हणून यंत्रं बिघडतात म्हणणाऱ्यांनी रोहिणी नक्षत्राला यातून मोकळं करावं. खोली 42 अंशांवर असेल तर संगणकाच्या डब्यातली हवा त्याहून गरमच असणार.

दुरुस्ती सोपी. पंख्याच्या मधोमधला स्टिकर उचला, पातं काढता येत असेल तर काढा, दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, स्टिकर घट्ट चिकटवा. तो उघडा राहिला तर तेल बाहेर आणि धूळ आत. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. बंद असतानाही त्यातल्या कपॅसिटरवर 300 व्होल्ट टिकून असू शकतात.

पातं बाजूला डुगडुगत असेल तर बुश झिजलाय, तेलाचा उपयोग नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नवा पंखा घ्यायला जाताना जुना सोबत न्या: व्होल्ट, अँपिअर, रुंदी, जाडी आणि तारा किती, हे सगळं जुळायला हवं. तीन तारांपैकी तिसरी फेरे मोजते, दर फेरीला दोन स्पंदनं. चौथी असेल तर ती वेग ठरवते. काही पंख्यांच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला स्टिकर, हवा बहुतेक तिकडेच जाते.