बटाव्हिया जहाजफूट
बटाव्हिया जहाजफूट (१६२९) : डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘बटाव्हिया’ हे जहाज ४ जून १६२९ रोजी पहाटेपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून ६० ते ८० किमी. अंतरावरील हाउटमन अब्रोल्होस द्वीपसमूहात प्रवाळशैलावर चढून फुटले. बुडण्यातून वाचलेल्यांपैकी किमान ११० जणांची (काहींच्या मते १२५) पुढील तीन महिन्यांत सोबत्यांनीच हत्या केली. सूत्रधार येरोनिमस कॉर्नेलिस हा जहाजावरचा उपव्यापारी होता. जहाजफूट आणि निर्दय खलनायक या सूत्रावरील अनेक ऐतिहासिक कादंबऱ्या याच घटनेवर बेतलेल्या आहेत.

जहाज ॲम्स्टरडॅम येथे १६२८ मध्ये बांधून झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस (२७ ते २९ या दरम्यानच्या तारखा दिल्या जातात) ते टेक्सेलहून जावाकडे निघाले. त्या काळी कंपनीच्या जहाजावर कप्तानापेक्षा मुख्य व्यापाऱ्याचा शब्द वरचा असे. मुख्य व्यापारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने आग्र्याच्या वखारीत सुमारे सात वर्षे काढली होती आणि मोगल मुलखातील व्यापारावरचा त्याचा अहवाल आजही इतिहासाचे साधन मानला जातो. जहाजावर चांदीच्या नाण्यांच्या १२ पेट्या होत्या. मोगल दरबारात खपावीत म्हणून घेतलेली रत्ने व एक मोठे प्राचीन रोमन कोरीव रत्नही होते. कप्तान आरियान याकोब्स आणि पेल्सार्ट यांचे वैर सुरतेच्या बंदरातले, म्हणजे १६२७ पासूनचे. अशा दोघांना एकाच जहाजावर धाडणे ही कंपनीची मोठी चूक म्हटली पाहिजे.

अपघाताचे कारण रेखांशात आहे. केप (आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप) ओलांडल्यावर पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यातून थेट पूर्वेकडे जायचे आणि ठरावीक अंतरावर उत्तरेला वळायचे, असा डच दर्यावर्दी ब्राउवर याचा मार्ग १६११ पासून वापरात होता व पुढे कंपनीने तो सक्तीचा केला. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मोजता येई. रेखांश मात्र वेग आणि दिवस यांच्या हिशेबानेच काढावा लागे, आणि सागरी प्रवाहाने जहाज किती पुढे ढकलले हे त्या हिशेबात येत नसे. याकोब्सच्या अंदाजाने जमीन अजून खूप लांब होती. पहाऱ्यावरच्या खलाशाने पांढरा फेस दाखवला, तेव्हा कप्तानाने ते चांदणे मानले. जहाज आदळले तेव्हा भरती होती. त्यामुळे ओहोटीत ते अधिकच घट्ट बसले. भार कमी करण्यासाठी तोफा समुद्रात लोटल्या आणि मुख्य डोलकाठी तोडली, पण ती समुद्रात न पडता जहाजावरच आडवी झाली आणि लाटांसरशी लाकूडकामावर आदळत राहिली.

जहाजावर त्या वेळी सुमारे ३२० माणसे असावीत. हे सर्व आकडे पेल्सार्टच्या रोजनिशीतील विखुरलेल्या नोंदींवरून जुळवलेले आहेत, म्हणून त्यांत फरक पडतो. चाळीसेक बुडाले, सुमारे १८० जण आजच्या बीकन बेटावर उतरले, काही शेजारच्या लहान बेटावर गेले आणि सत्तरेक जहाजावरच अडकले. बीकन बेट प्रवाळाच्या चुऱ्याचे आहे आणि तेथे गोडे पाणी ठरत नाही. पेल्सार्ट व कप्तान धरून एकूण ४८ जण मचव्यातून पाणी शोधत निघाले. मुख्य भूमीवरही पुरेसे पाणी न मिळाल्याने ते तसेच जावाकडे गेले आणि ७ जुलै रोजी बटाव्हिया (आजचे जकार्ता) गाठले. गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने पेल्सार्टला ‘सारडाम’ हे लहान जहाज देऊन परत पाठवले. बेटांचा अक्षांश नीट नोंदलेला नसल्याने ती शोधण्यातच पुष्कळ दिवस गेले.

कॉर्नेलिस हा हार्लेमचा दिवाळखोर औषधविक्रेता. जहाजाचे तुकडे होईपर्यंत तो त्यावरच होता. नंतर तरंगत्या लाकडाच्या आधाराने बेटावर आला आणि दर्जाने वरिष्ठ म्हणून वाचलेल्यांच्या मंडळाचा प्रमुख झाला. शस्त्रे व होड्या त्याने ताब्यात घेतल्या, माणसे वेगवेगळ्या बेटांवर पांगवली आणि जुलैच्या सुरुवातीपासून हत्या सुरू झाल्या. प्रथम चोरीचे आरोप ठेवून, नंतर रात्री गुपचूप, शेवटी उघडपणे. धर्मोपदेशक खाइसबर्ट बास्तियान्स याची पत्नी व बहुतेक मुले एकाच रात्री मारली गेली. कॉर्नेलिसने स्वतःच्या हाताने मात्र कोणाला ठार केल्याची नोंद नाही. एका तान्ह्या मुलाला त्याने रसकापूर (पाऱ्याचे विष) दिला. तो पुरेसा पडला नाही, तेव्हा उरलेले काम दुसऱ्याकडून करवून घेतले. कादंबऱ्यांत तलवार घेतलेला कॉर्नेलिस दिसतो. कागदपत्रांतला कॉर्नेलिस हुकूम देणारा आहे आणि तोच अधिक भयंकर आहे.

कॉर्नेलिसच्या हेतूविषयी मतभेद आहेत. चित्रकार टोरेन्टियस याच्या पाखंडी मानल्या गेलेल्या वर्तुळाशी त्याचा संबंध होता, म्हणून काही अभ्यासक धर्मबाह्य विचारांना महत्त्व देतात. दुसऱ्या मतानुसार कप्तान व तो आधीपासूनच जहाज बळकावण्याच्या कटात होते, त्यामुळे सुटकेचे जहाज येताच आपण उघडे पडू ही भीती होती; येणारे जहाज पळवून चाचेगिरी करायची आणि त्यासाठी विरोध करू शकणारी माणसे कमी करायची, असा बेत होता. तिसरे मत पाणी व अन्नाच्या टंचाईचे. टंचाईने सुरुवातीच्या हत्या समजतात. पण पाऊस पडल्यावरही त्या थांबल्या नाहीत, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सुसंगत वाटते. मात्र कटाचे पुरावे म्हणजे मुख्यतः पाण्याने छळ करून घेतलेल्या कबुल्या आहेत आणि त्या लिहून ठेवणारा पेल्सार्ट स्वतः माणसे सोडून गेल्याबद्दल कंपनीला उत्तरदायी होता.

वीबे हायेस या सैनिकाला सुमारे वीस जणांसह पश्चिम वॉलबी बेटावर पाणी शोधायला पाठवले होते. ते तहानेने मरतील असा हिशेब होता. तेथे चुनखडीच्या थराखाली गोडे पाणी साठलेल्या विहिरी आहेत. त्या सापडायला सुमारे तीन आठवडे लागले. खूण म्हणून केलेल्या धुराला उत्तर आले नाही. पळून आलेल्यांकडून हत्यांची बातमी कळली आणि गटाची संख्या पन्नासच्या घरात गेली. त्यांनी पिंपांच्या लोखंडी कड्यांपासून भाले केले, सोट्यांना खिळे ठोकले आणि चुनखडीच्या सपाट फरशा चुन्याशिवाय रचून आडोसे उभारले. हे अवशेष आजही दिसतात आणि ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुने युरोपीय बांधकाम मानले जातात. २ सप्टेंबर रोजी बोलणी करायला आलेला कॉर्नेलिस पकडला गेला. १७ सप्टेंबरच्या शेवटच्या हल्ल्यात कॉर्नेलिसच्या साथीदारांकडे बंदुका होत्या. त्याच दिवशी सारडाम दिसले आणि हायेस पेल्सार्टपर्यंत आधी पोहोचला. हे उलट घडले असते, तर सारडामही बंडखोरांच्या हाती गेले असते.

२ ऑक्टोबर रोजी कॉर्नेलिसचे दोन्ही हात तोडून त्याला सहा साथीदारांसह सील बेटावर फाशी दिली गेली. सारडामबरोबर आलेल्या पाणबुड्यांत गुजराती पाणबुडेही होते. त्यांच्या मदतीने १२ पैकी १० पेट्या वर काढण्यात आल्या. याच काळात व्हिनेगरचे एक पिंप आणायला गेलेला सारडामचा कप्तान चार माणसांसह परतला नाही.

अवशेषांचे स्थान सव्वाशे वर्षे चुकीचे मानले जात होते. १८४० मध्ये ‘बीगल’ या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजावरील स्टोक्स याला दक्षिणेकडील बेटांवर जुने अवशेष मिळाले. ते बटाव्हियाचे समजून त्याने त्या गटाला पेल्सार्टचे नाव दिले. प्रत्यक्षात ते १७२७ मध्ये फुटलेल्या ‘झेवाइक’चे होते. पेल्सार्टच्या रोजनिशीत विहिरींचे आणि उड्या मारणाऱ्या, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांचे (वॉलबी) वर्णन आहे. दक्षिण गटात दोन्ही नाहीत. हा धागा धरून ऑस्ट्रेलियन लेखिका हेन्रिएट्टा ड्रेक-ब्रॉकमन यांनी उत्तरेकडील वॉलबी गट सुचवला. १९६० मध्ये बीकन बेटावर मानवी सांगाडा निघाला आणि ४ जून १९६३ रोजी स्थाननिश्चिती झाली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमने १९७२–७६ मध्ये उत्खनन केले. वरामाकडील (जहाजाच्या मागच्या टोकाकडील) लाकडी भाग पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे आहे. नीरम (जहाज स्थिर ठेवणारे वजन) म्हणूनही उपयोगी पडलेल्या १३० हून अधिक घडीव दगडांची कमान बटाव्हियाच्या किल्ल्यासाठी नेली जात होती. ती जुळवल्यावरच तिचे स्वरूप कळले. नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथे १९८५–९५ मध्ये जहाजाची पूर्णाकृती प्रतिकृती बांधण्यात आली.

व्हाउटर लोस आणि यान पेलग्रोम या कॉर्नेलिसच्या दोघा साथीदारांना १६ नोव्हेंबर १६२९ रोजी मुख्य भूमीवर सोडण्यात आले. ही जागा कालबारीजवळील विटेकारा ओढा की हट नदीचे मुख, याविषयी एकमत नाही. वाहत्या पाण्याच्या उल्लेखाशी आणि अक्षांशाशी विटेकारा अधिक जुळतो. १६४४ मध्ये डच दर्यावर्दी टास्मानला दिलेल्या सूचनांत त्यांचा शोध घेण्याचेही काम होते. त्यांचे वंशज स्थानिक आदिवासींत असल्याचे दावे सिद्ध झालेले नाहीत.