एकच तुकडा, दोन आजार

उंच वाटाण्याचा पराग बुटक्याच्या फुलावर घातला काय किंवा उलट केलं काय, मेंडेलला पुढची पिढी सारखीच मिळाली. जनुक आईकडून आलं की वडिलांकडून, याने फरक पडत नाही, हे आपण तिथूनच शिकलो. बहुतेक जनुकांबाबत ते बरोबरही आहे. पण माणसात शंभराच्या आसपास जनुकं अशी आहेत, की ती चालू राहणार की बंद, हे ती कोणाकडून आली यावर ठरतं. याला इम्प्रिंटिंग म्हणतात.

१५ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा ५० ते ६० लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) एक तुकडा पाहा. वडिलांकडून आलेल्या प्रतीतून तो गळाला, तर प्रेडर-विली सिंड्रोम होतो: बाळ जन्मतः लुळं, दूध ओढायला ताकद नाही आणि काही वर्षांनी कधीच न शमणारी भूक. तोच तुकडा आईच्या प्रतीतून गळाला, तर अँजेलमन सिंड्रोम: बोलणं जवळजवळ नाही, फिट्स येतात, चाल अडखळती, चेहरा सतत हसरा.

असं का होतं? आईच्या प्रतीवर एका ठरावीक जागी सायटोसिन या डीएनएच्या अक्षराला मिथाइल हे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात, त्यामुळे तिथली बरीच जनुकं गप्प असतात. ती चालतात फक्त वडिलांच्या प्रतीवरून. तिथूनच एक लांबलचक आरएनए निघतो आणि चेतापेशींत पुढचं ‘यूबीई३ए’ हे जनुक दाबून टाकतो. म्हणून मेंदूत यूबीई३ए फक्त आईच्या प्रतीवरून चालतं. एकीकडे जे बंद, ते दुसरीकडे चालू. राखीव प्रत कोणाचीच नाही.

मिथाइलच्या या खुणा कायमच्या नसतात. गर्भात बीजपेशी तयार होताना त्या पुसल्या जातात आणि पुढे नव्याने लागतात: मुलीच्या बीजांडात आईच्या पद्धतीने, मुलाच्या शुक्रपेशीत वडिलांच्या पद्धतीने. गर्भसंस्काराच्या जाहिरातींत ‘एपिजेनेटिक्स’ (डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद करणाऱ्या अशा खुणांचं शास्त्र) हा शब्द वापरून पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या बुद्धीची हमी देणाऱ्यांनी ही पुसापुशी आधी समजून घ्यावी. गरोदरपणी चांगला आहार आणि फॉलिक अ‍ॅसिड हवंच, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

कधी तुकडा गळतच नाही. बीजांडात चुकून १५ नंबरच्या दोन प्रती येतात, शुक्रपेशी तिसरी आणते आणि गर्भ त्यातली एक टाकून देतो. टाकलेली वडिलांची असली, तर गुणसूत्रं बरोबर ४६, काही कमी नाही, तरी बाळाला प्रेडर-विली. सुमारे चौथा हिस्सा रुग्ण असे असतात. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी-पाहणी, इथे नॉर्मल येतो; गळालेला तुकडा शोधणाऱ्या फिश तपासणीतही काही सापडत नाही.

म्हणून सुरुवात मिथायलेशन चाचणीने, म्हणजे मिथाइलच्या खुणा तपासून, करावी. डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली की साधं सायटोसिन बदलून युरासिल हे वेगळं अक्षर होतं, मिथाइल लागलेलं तसंच राहतं. मग पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत) आईची आणि वडिलांची प्रत वेगवेगळी ओळखता येते. फक्त आईची दिसली तर प्रेडर-विली, फक्त वडिलांची दिसली तर अँजेलमन. प्रक्रिया अर्धवट झाली, तर साधं सायटोसिनही मिथाइलवालं वाटतं, म्हणून प्रत्येक बॅचसोबत नॉर्मल नमुना लावतात. प्रेडर-विलीचे ९९ टक्क्यांहून जास्त रुग्ण यात सापडतात, अँजेलमनचे सुमारे ८०.

अँजेलमनच्या उरलेल्यांत बऱ्याच जणांच्या यूबीई३एमध्येच बिघाड असतो. मिथायलेशन नॉर्मल, म्हणून त्या जनुकाचं सिक्वेन्सिंग (अक्षर न् अक्षर वाचन) करावं लागतं, आणि बिघाड सापडला की आईचीही तपासणी. तिला तो तिच्या वडिलांकडून आला असेल, तर ती ठणठणीत असते, कारण तिच्या मेंदूत ती प्रत मुळातच बंद आहे. पण तिच्या बीजांडात त्याच प्रतीला आईचा ठसा लागतो आणि दर गरोदरपणात धोका ५० टक्के. तिच्या भावाकडे तोच बिघाड असला, तर त्याची मुलं निरोगी असतील. त्याच्या मुलीची मुलं मात्र धोक्यात असू शकतात. म्हणून समुपदेशनात बाळाच्या मामाच्या मुलींबद्दल विचारायला विसरू नये.